सुभेदारांचं टीव्हीतलं रान

माझ्या दुकानात काउंटरच्या वर एक पाटी होती: ‘इथे कुठल्याही गेमची कॉपी करून मिळणार नाही. आग्रह करू नये.’ लाल रंगात, माझ्याच अक्षरात. गल्लीतले जुने लोक ती वाचून गालात हसायचे. त्यांना ठाऊक होतं, की या कांबळेनं पहिली कित्येक वर्षं कॉप्या विकूनच संसार केला. सांगलीत बसस्थानकामागच्या गल्लीत अठ्ठावीस वर्षं मी टीव्हीवर खेळायचे गेम दुरुस्त केले. गेल्या वर्षी शटर ओढलं ते कायमचं. पाटी तेवढी घरी आणली आणि कपाटामागं तोंड फिरवून ठेवली. तिच्याकडं बघवत नाही.

आधी धंदा काय होता ते सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. टीव्हीला जोडायचा एक डबा असायचा आणि त्यात वरून खोचायची कॅसेट. कॅसेट आपण म्हणायचो, तिच्यात फीत वगैरे काही नाही. आत हिरवी पट्टी, पट्टीवर चिप, चिपमध्ये गेम. आपल्याकडं यायचा तो सगळा नकली माल. कॅसेटवर ‘नऊशे नव्याण्णव गेम’ छापलेलं, आत खरे बारा. तेच बारा नाव बदलून फिरवलेले. पण पोरांनी कधी तक्रार केली नाही, म्हणून मीही कधी मोजून दाखवले नाहीत.

गिऱ्हाइकं एकेक नमुना. मिरजेच्या एका काकूंनी कॅसेटचे पितळी दात काळे पडले म्हणून देवाची भांडी घासावीत तसे चिंच आणि मीठ लावून घासले होते. वर मलाच म्हणतात, “अहो, चकाचक तर केलंय मी, तरी चालत कसं नाही?” कुपवाडच्या एका कारखान्यातला फिटर डबा घेऊन आला. कॅसेट घट्ट बसते म्हणून त्यानं खाचेत मशीनचं ग्रीस भरलं होतं, चांगलं बोट बोट. मी ओरडलो, तर म्हणाला, “गड्या, आमच्या लेथला चालतंय की!” त्या दोघांचेही डबे मी चालू करून दिले. अशी कामं मला जमायची. हात चांगला होता माझा, हे मी सांगितलं तर गर्व समजू नका. खोटं कशाला बोलू?

पुढं घरोघर कॉम्प्युटर आले आणि इम्युलेटर आला. म्हणजे असा प्रोग्राम, जो कॉम्प्युटरला जुन्या डब्याचं सोंग घ्यायला लावतो. डबा नको, कॅसेट नको. कॅसेटमधल्या गेमची कॉपी काढायची, त्या प्रोग्रामला द्यायची, की तोच गेम कॉम्प्युटरवर चालू. मला तर हर्ष झाला. एका सीडीत इम्युलेटर आणि तीनशे गेम भरून मी विकायला लागलो. कुणाचे गेम, कुणी बनवले, कुणाला विचारायचं, असले प्रश्न डोक्याला शिवले नाहीत.

मग एके दिवशी दुपारी पोलीस आले. सोबत टाय लावलेला एक माणूस. त्यानं सीड्या मोजल्या, माझा कॉम्प्युटर उचलून गाडीत घातला, आणि माझ्यावर खटला उभा राहिला.

खटल्याचं मला एवढं लागलं नसतं. पण माझे वडील जिल्हा न्यायालयात पट्टेवाले होते. दारात उभं राहून नाव पुकारायचं काम त्यांचं. ‘हाजिर हो’ची ती हाळी मी लहानपणी त्यांचा जेवणाचा डबा पोचवायला जायचो तेव्हा ऐकलेली. आमच्या घरात संविधानाची प्रत कपाटात नसायची, टेबलावर असायची, आणि त्या टेबलावर कुणी चहाचा कप ठेवलेला त्यांना चालायचा नाही. ते निवृत्त झाले होते. माझ्या पहिल्या तारखेला इस्त्रीचा सदरा घालून आले आणि मागं भिंतीला टेकून उभे राहिले. त्यांच्या जागेवर आलेल्या माणसानं माझं नाव पुकारलं. पुकारताना त्याचासुद्धा आवाज खाली गेला. घरी आल्यावर वडील एवढंच म्हणाले, “आपल्याला जे मिळालं ते कायद्यानं मिळालं. आणि तू तोच मोडलास.”

कितीतरी वर्षं तारखा चालल्या. शेवटी दंड झाला, पुन्हा असं करणार नाही असं लिहून दिलं आणि सुटलो. निकालाआधीच वडील गेले होते. मी कानाला खडा लावला आणि पाटी रंगवली. त्यानंतर फक्त दुरुस्ती. कुणी पेन ड्राइव्ह पुढं केला तरी मी पाटीकडं बोट दाखवायचो. त्यात मला मोठेपणा वाटायचा, हेही कबूल करतो. चोराचा साव झालो होतो ना.

रेखा आली ती या पाटीच्या दिवसांत, दुकान बंद करायच्या आधी दीड-दोन वर्षं. कुपवाडला एका कारखान्यात पॅकिंगच्या कामाला होती. चाळिशीची, एकटी. गाडी लावून आत आली आणि पिशवीतून टॉवेलात गुंडाळलेला डबा काढला. मी बघतच राहिलो. अस्सल जपानी डबा, अस्सल कॅसेट. अठ्ठावीस वर्षांत असा माल मी चार वेळासुद्धा पाहिला नव्हता.

“काका, वडलांचा हाय,” ती म्हणाली. “ते मिलिट्रीत सुभेदार होते. शांतिसेनेत परदेशी गेलते, तवा येताना आणला.”

गेम होता शेतीचा. एक ओसाड तुकडा मिळतो, त्यातले दगड काढायचे, कुंपण घालायचं, पेरायचं, पाणी द्यायचं, गाई पाळायच्या. सुभेदार पाटणच्या वरच्या अंगाचे. गावी त्यांची खरी जमीन होती, पण नोकरीपायी ती चुलतभावाकडं वाट्यानं दिलेली. रजेवर आले की खऱ्या रानात चक्कर मारायचे आणि मग येऊन टीव्हीतलं रान करत बसायचे. बायको चिडायची म्हणे. रेखा शाळेत होती तेव्हा त्यांनी एका गाईला तिचंच नाव दिलं, आणि ही दोन दिवस जेवली नाही. सांगताना ती हसली आणि हसता हसताच तिचे डोळे भरले.

आई गेली, आप्पांना म्हणजे सुभेदारांना विसरण्याचा आजार जडला, आणि तिनं त्यांना गावाहून कुपवाडच्या खोलीवर आणलं. ते तिला ओळखत नव्हते. ‘ओ बाई’ म्हणायचे. भाडेकरू समजायचे, कधी नर्स. पण डबा लावला, की त्यांचे हात आपोआप चालायचे. रोज सकाळी ते त्या रानाला पाणी घालायचे, कुंपण बघायचे, गोठ्यात जायचे. गाईजवळ गेलं की पडद्यावर तिचं नाव यायचं. एकेक इंग्रजी अक्षर लावून ते वाचायचे, आणि मग मान वळवून म्हणायचे, “रेखे, च्या पिलीस का?”

“दिवसातनं तेवढंच एकदा,” ती म्हणाली. “मी त्यासाठी कामावर धा मिन्टं उशिरा जाते, काका. पगार कापू देत.”

आता भानगड अशी होती. असल्या कॅसेटमध्ये एक बटणासारखा सेल असतो. आपण खेळून जे काही केलं, ते लक्षात ठेवायचं काम त्या सेलच्या जोरावर चालतं. सेल मेला की गेम राहतो, पण आपलं रान जातं. या कॅसेटमध्ये तीन नोंदी ठेवायची सोय होती आणि त्यातली एक, रेखानं लहानपणी केलेली, आठ दिवसांपूर्वी आपोआप पुसली गेली होती. आप्पांची अजून शाबूत होती.

“कारखान्यातली पोरं म्हणाली, याची कॉपी काढून लॅपटॉपवर घेता येतंय. मग डबा बिघडला तरी आप्पांचं रान ऱ्हातंय. तेवढं करून द्या.”

मी पाटीकडं बोट दाखवलं.

“काका, इकायला न्हाई ओ. घरात ठिवायला.”

“बाई, कायदा तो कायदा. विकायला असो नाहीतर पुजायला.” हे शब्द मी बोललो. आजही आठवले की जीभ हासडावीशी वाटते. कॅसेट वाचायचं यंत्र माझ्याच टेबलाच्या खणात होतं. एक दुकान मोडीत निघालं तेव्हा चिपा तपासायला म्हणून घेतलेलं. कॅसेट त्यात खोचायची, मिनिटभर थांबायचं, झालं. आणि गेमची कॉपी नको म्हटलं, तर नुसती आप्पांची नोंदसुद्धा वेगळी काढून ठेवता येत होती. चार ओळींचा मजकूर असतो तो. हे मला माहीत होतं. पण ‘कॉपी’ हा शब्द ऐकला की मला न्यायालयाची ती भिंत दिसायची, आणि तिला टेकलेले वडील.

“सेल बदलून देतो,” मी म्हणालो. “आतलं काही न पुसता. माझ्याकडं युक्ती आहे.”

युक्ती खरीच होती. जुना सेल काढायच्या आधी बाजूनं दोन तारा जोडून दुसरा सेल लावायचा, म्हणजे मेमरीला जोर मिळत राहतो. मग जुना काढायचा, नवा बसवायचा आणि तारा सोडवायच्या. एकाची ड्युटी संपायच्या आत दुसरा हजर. सेल असलेल्या नकली कॅसेटवर पाच-सहा वेळा केलं होतं आणि एकदाही चुकलं नव्हतं.

रविवारी सकाळी ती आप्पांना घेऊनच आली. त्यांना एकटं ठेवता येत नव्हतं. ताठ कण्याचा उंच माणूस, मिशा कातरलेल्या, पायात पॉलिश केलेले बूट. ते समोरच्या स्टुलावर बसले. मी कॅसेट उघडली तसे पुढं वाकून म्हणाले, “जपून रं गड्या.”

“काळजी करू नका आप्पा,” मी म्हणालो.

तारा जोडल्या. मीटर लावून बघितलं, जोर बरोबर येत होता. जुना सेल काढला. आणि नवा बसवताना माझ्या चिमट्याचा तारेला जरा धक्का लागला, तशी ती तार पट्टीवरून अलगद सुटून वर आली. ड्राय सोल्डर. म्हणजे वरून चकचकीत दिसणारा, पण आत न धरलेला टाका. आयुष्यभर मी दुसऱ्यांचे ड्राय सोल्डर शोधून काढले आणि शिव्या घातल्या. हा माझा होता. मी तार परत दाबली. डोळ्याची पापणी लवायला लागतो तेवढाच वेळ गेला असेल. पण मेमरीला तेवढा पुरतो.

कुणाला काही न बोलता मी नवा सेल बसवला, कॅसेट बंद केली आणि डबा टीव्हीला लावला. मनात म्हणत होतो, असेल, राहिलं असेल. पडद्यावर तिन्ही नोंदी रिकाम्या होत्या.

रेखाला लगेच कळलं. तिनं तोंडावर हात दाबला. आप्पांनी डब्याचा रिमोट हातात घेतला आणि सवयीनं पहिल्या नोंदीवर बटण दाबलं. नवा गेम सुरू झाला. ओसाड तुकडा, दगड, मोडकं कुंपण. ते त्या तुकड्यात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरले. गोठा होता तिथं गेले. गोठा रिकामा. मग माझ्याकडं वळून शांतपणे म्हणाले, “ह्ये आमचं रान न्हवं.”

मी हात जोडले. रेखाला की त्यांना, कुणाला ते मलाही कळलं नाही. ती पोरगी मला एका शब्दानं बोलली नाही. टॉवेलात डबा गुंडाळताना म्हणाली, “तुमी मुद्दाम थोडंच केलं, काका.” शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुढच्या आठवड्यात मी माझ्या वकिलांकडं गेलो. खटला लढवलेले तेच पाटील वकील. काही कामासाठी नव्हे, कुणाला तरी सांगायचं म्हणून. त्यांनी सगळं ऐकलं, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, “कांबळे, तुम्ही कॉपी नाकारलीत ती कशाच्या आधारावर?”

“कायद्याच्या.”

“कुठल्या? वाचलात कधी?”

मग त्यांनी पुस्तक काढून समजावलं. त्यांच्या भाषेत न सांगता माझ्या भाषेत सांगतो. जुन्या डब्याचं सोंग घेणारा प्रोग्राम स्वतः लिहिलेला असेल, तर नुसतं सोंग घेणं हा गुन्हा नाही. गुन्हा होतो तो दुसऱ्याचा गेम परवानगीशिवाय काढून वाटण्यात, विकण्यात. तो गेम बाजारात मिळेनासा झाला, कंपनी बुडाली, तरी हक्क आपोआप बुडत नाही. म्हणजे मी सीड्या विकल्या ती चूकच होती. पण ज्यानं गेम रीतसर विकत घेतलाय, त्यानं आपली प्रत नासू नये म्हणून स्वतःपुरती जपून ठेवायची कॉपी काढली, तर आपल्या कायद्यात तेवढी मोकळीक दिलेली आहे. “जुन्या गेमवरून आपल्याकडं कुणी कोर्टात भांडलेलं मी ऐकलं नाही, त्यामुळं शंभर टक्के असं मी म्हणणार नाही,” वकील म्हणाले. “पण त्या मुलीसाठी मी डोळे झाकून उभा राहिलो असतो. आणि ती नोंद? ती तर म्हाताऱ्यानं स्वतःच्या हातानं केलेली. तिच्यावर हक्क सांगायला तुमच्या दारात कोण येणार होतं हो?”

मी जिना उतरून खाली आलो आणि रस्त्यावर कपाळावर हात मारून घेतला. लोक बघत होते, बघू देत. माझ्या वडिलांनी मला कायदा वाचायला सांगितला होता. पुस्तक टेबलावर होतं. मी वाचला नाही, नुसता भ्यायला शिकलो. आणि त्या भीतीला मी प्रामाणिकपणा म्हणत होतो.

महिन्याभरानं रेखाचा फोन आला. आवाज बसलेला. “काका, नवं रान करून बघितलं. गाय घेतली, नाव घातलं. पर आप्पा बघतच न्हाईत. मीच रान इकलं म्हणत्यात. येणाऱ्या जाणाऱ्याला सांगत्यात, ह्या बाईनं माझं रान इकलं. गावचा सातबारा आणून दावला, तुमचंच नाव हाय म्हणलं. तर म्हणत्यात, कागूद नगो, रान दाव. दोन दिस माझ्या हातचं खाईनात.”

मी पहिल्या रिक्षानं कुपवाडला गेलो. दुपारची वेळ होती. खोलीत आप्पा खाटेवर भिंतीकडं तोंड करून बसले होते. खाली ताट झाकून ठेवलेलं. टीव्ही बंद. रेखा दारातच उभी राहिली, आत यायला भीत होती. मी समोर बसलो. त्यांनी मला ओळखलं नाही. त्यांनी विचारलं, “पाव्हणं कुठलं?”

“सांगलीचा.”

“माझं रान तुमी घेतलं व्हय?”

आमच्या घराण्यात कुणाच्या नावावर कधी गुंठाभर जमीन नव्हती. माझा आजा दुसऱ्यांच्या रानात राबून मेला. आणि मी त्या सुभेदारांच्या डोळ्यांत बघून म्हणालो, “व्हय आप्पा. मीच घेतलं.”

“मग ही बाई?”

“त्यांचा काही संबंध नाही. त्यांनी नकोच म्हटलं होतं. माझ्यामुळं गेलं तुमचं रान.”

यातल्या शेवटच्या वाक्यातला शब्दन् शब्द खरा होता. मला वाटलं, आता हा माणूस उठून माझी गचांडी धरणार. धरली असती तर मी सोडवून घेतली नसती. पण त्यांनी एक लांब श्वास सोडला आणि म्हणाले, “वरच्या अंगाला दगूड लय हायत. नांगूर जपून घाला.”

“जपून घालतो.”

“आन बांध कोरू नगा.”

“नाही कोरत.”

मग त्यांनी दाराकडं बघितलं आणि रेखाला म्हणाले, “ओ बाई, वाढा.” ते तिच्या हातचं जेवले. ती ताटापाशी बसून रडत होती आणि ते तिला विचारत होते, “काय झालं ओ तुमास्नी?”

तेव्हापासून मी दर रविवारी कुपवाडला जातो. ते मला ‘रानवाले’ म्हणतात. मी जाताना मंडईत भाजीवाल्यांना विचारून घेतो, सध्या कशाची लागण चाललीय, खत कुठलं घालतात, पाऊस लागला का. मग त्यांच्यासमोर बसून त्या नसलेल्या रानाची खबर देतो. चुकलो तर ते दुरुस्त करतात, आणि मला बरं वाटतं. रेखा चहा आणते. ‘ओ बाई’ ऐकते आणि कप ठेवून आत जाते. तिचं नाव त्यांच्या तोंडून पुन्हा आलं नाही. त्याला मी काही करू शकत नाही.

मागच्या रविवारी निघताना त्यांनी माझा हात धरला. पकड अजून फौजीच आहे. म्हणाले, “रानवाले, तुमी रान चांगलं राखलंय. पर कवा इकायचं झालं, तर भायेर कुणाला देऊ नगा. आदी मला ईचारा. मी कायबी करून घेतो.”

विचारतो, म्हणालो. दुसरं काय म्हणणार?